केळ्यातलं सेरोटोनिन मेंदूपर्यंत पोहोचतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गेले काही महिने अंथरुणावर पडल्यावर झोप यायला दीड-दोन तास लागतात, दिवसा मन उदास असतं, डॉक्टरांनी एस्सिटॅलोप्रॅम ही सेरोटोनिन वाढवणारी नैराश्यावरची गोळी सुरू केलीय आणि ती तुम्हाला नकोशी झालीय. त्याऐवजी सेरोटोनिन (मनःस्थितीशी जोडलेलं मेंदूतलं रसायन), मेलाटोनिन (झोपेचं संप्रेरक), ट्रिप्टोफॅन (ही दोन्ही ज्यापासून बनतात ते अमिनो आम्ल) असलेली फळं, बिया आणि वनस्पती खाऊन भागेल का? भागत असेल तर कोणत्या आणि किती?

आधी तातडीचं सांगते. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. ती एकदम थांबवली की अनेकांना चक्कर, मळमळ, चिडचिड, विचित्र स्वप्नं आणि डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके असा त्रास होतो. तो आजारच परत आल्यासारखा वाटतो आणि माणूस घाबरून जातो. गोळी सोडायचीच असेल तर डोस टप्प्याटप्प्याने उतरवतात आणि ते तुमच्या डॉक्टरांनी करायचं. गोळी चालू ठेवून वरून 'नैसर्गिक' कॅप्सूल घेणं तर काही वनस्पतींच्या बाबतीत याहून धोक्याचं आहे. त्याकडे पुढे येते.

औषधं आणि आहार एकमेकांत काय गोंधळ घालतात हे पाहणं माझं रोजचं काम. 'अमुक फळात तमुक रसायन सापडलं' ही बातमी बहुतेक वेळा खरी असते, पण तिच्यावरून काहीच ठरत नाही. मी तीन गोष्टी विचारते: ते रसायन आहे किती, आतडं आणि यकृत पार केल्यावर उरतं किती, आणि उरलेलं मेंदूत शिरतं का. बहुतेक नावं यातल्या एखाद्या तरी प्रश्नावर गळतात.

केळंच घ्या. केळ्यात सेरोटोनिन असतं, डोपामिन हे मेंदूतलं दुसरं संदेशवाहक रसायनही असतं, आणि डोपामिन गरापेक्षा सालीत कितीतरी जास्त. केळ्याची साल काळी पडते त्यात या डोपामिनचा मोठा वाटा आहे: पेशी फुटल्या की एक विकर ऑक्सिजनच्या मदतीने त्याचं रूपांतर गडद रंगद्रव्यात करतं. अक्रोडात सेरोटोनिन केळ्याहून जास्त असतं, अननसातही ते आढळतं. पण मेंदूच्या रक्तवाहिन्यांभोवती जो ब्लड-ब्रेन बॅरियर, म्हणजे निवडक द्रव्यांनाच आत सोडणारा अडसर, असतो तो ना सेरोटोनिनला आत सोडतो, ना डोपामिनला. शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिन तसंही आतड्यात असतं. तिथे ते आतड्याच्या हालचालींचं काम पाहतं, मनःस्थितीचं नाही. खाल्लेलं सेरोटोनिन आतडं आणि यकृत मिळून मोडतात आणि त्याचा अवशेष लघवीतून बाहेर पडतो. म्हणूनच कार्सिनॉइड ट्यूमरच्या (सेरोटोनिन तयार करणाऱ्या गाठीच्या) संशयावरून लघवीतल्या याच अवशेषाची, ५-एचआयएएची, तपासणी करायची असते तेव्हा आधीचे दोन-तीन दिवस केळी, अक्रोड, अननस बंद ठेवायला सांगतात. ती खाल्ली तर आकडा खोटाच वाढतो. केळ्यातल्या सेरोटोनिनचा माणसावर दिसणारा सर्वात ठळक परिणाम कोणता, तर तो हा, लघवीच्या रिपोर्टमध्ये.

आता याच्या उलट उदाहरण बघा. डोपामिन मेंदूत जात नाही, पण ज्यापासून ते तयार होतं ते लेव्होडोपा जातं. खाजकुहिलीच्या बियांमध्ये ते साधारण ४ ते ६ टक्के असतं, बाकल्याच्या (फावा बीनच्या) कोवळ्या शेंगांतही असतं. पार्किन्सनच्या रुग्णाला जे औषध देतात तेच हे. त्यामुळे ही वनस्पती खरोखर काम करते, आणि म्हणूनच ती जपून वापरायची. लेव्होडोपाची गोळी घेणाऱ्याने वरून खाजकुहिलीचं चूर्ण घेतलं तर अंगाला अनैच्छिक झटके येऊ शकतात. ज्यांच्यात जी६पीडी हे विकर कमी असतं त्यांच्या तांबड्या पेशी बाकल्याने फुटू शकतात, तो धोका वेगळाच. ज्या वनस्पतीचा मेंदूवर खरोखर परिणाम होतो, तिला औषधाचे सगळे नियम लागू होतात. हे एवढं मनात पक्कं ठेवा, पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

ट्रिप्टोफॅनचं प्रकरण जरा गुंतागुंतीचं आहे. हे अमिनो आम्ल मेंदूत जातं, तिथे त्यापासून सेरोटोनिन बनतं आणि रात्री मेंदूतल्या पिनिअल ग्रंथीत त्याच सेरोटोनिनपासून मेलाटोनिन. इथपर्यंत सगळं तुमच्या बाजूने आहे. अडचण अशी की मेंदूच्या दारावरचा जो वाहक ट्रिप्टोफॅनला आत नेतो, तोच ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन, टायरोसिन, फेनिलॲलनिन यांनाही नेतो. प्रथिनांमध्ये ट्रिप्टोफॅन जेमतेम एक टक्का आणि हे बाकीचे भरपूर. म्हणजे प्रथिनयुक्त जेवण केलं की रक्तातलं ट्रिप्टोफॅन वाढतं खरं, पण स्पर्धक त्याहून जास्त वाढतात आणि मेंदूत जाणारा त्याचा वाटा उलट घटतो. पिष्टमय पदार्थ खाल्ले तर इन्सुलिन वाढतं, ते स्पर्धकांना स्नायूंमध्ये ढकलतं, ट्रिप्टोफॅन मात्र रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून मागे राहतं आणि त्याला वाट मोकळी मिळते. फर्नस्ट्रॉम आणि वर्टमन यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला उंदरांवर हे दाखवलं. 'रात्री कर्बोदकं खा, छान झोप लागते' या सल्ल्याचं मूळ तिथे आहे. पण माणसांच्या ताटात ते टिकत नाही, कारण जेवणातल्या उष्मांकांपैकी पाचएक टक्के जरी प्रथिनांतून आले तरी हा परिणाम जवळपास पुसला जातो. इतकं प्रथिन तर साध्या भातातही असतं.

हिशोबच करून बघू. ट्रिप्टोफॅनसाठी ज्यांचं नाव सर्वात पुढे असतं त्या भोपळ्याच्या बियांमध्ये १०० ग्रॅमला साधारण ०.५७ ग्रॅम ट्रिप्टोफॅन असतं. झोपेवरच्या प्रयोगांत शुद्ध ट्रिप्टोफॅन बहुधा एक ग्रॅम किंवा त्याहून जास्त दिलेलं होतं. तेवढं बियांतून मिळवायचं तर पावणेदोनशे ग्रॅम बिया खाव्या लागतील, म्हणजे हजाराच्या आसपास कॅलरी आणि ५० ग्रॅमच्या वर प्रथिनं, अर्थात सगळे स्पर्धक सोबत घेऊन. बिया चांगल्याच आहेत, मॅग्नेशियम आणि जस्तासाठी मूठभर जरूर खा. झोपेची गोळी म्हणून खाऊ नका.

मग शुद्ध ट्रिप्टोफॅनची कॅप्सूल? १९८९ मध्ये अमेरिकेत ट्रिप्टोफॅनच्या पूरक गोळ्या घेणाऱ्यांमध्ये स्नायूंच्या असह्य वेदना आणि रक्तात इओसिनोफिल या पांढऱ्या पेशींची प्रचंड वाढ असा आजार पसरला. १५०० हून अधिक लोक आजारी पडले, किमान ३७ दगावले. बहुतेक माल एकाच उत्पादकाकडचा निघाला आणि संशय त्यातल्या अशुद्धीवर गेला. रेणू निसर्गातलाच होता, पण डबीत तो एकटा नव्हता. तुमच्या बाबतीत दुसरंही कारण आहे: एस्सिटॅलोप्रॅमबरोबर ट्रिप्टोफॅन किंवा ५-एचटीपीची (ट्रिप्टोफॅनपासून सेरोटोनिन बनताना मधे तयार होणाऱ्या द्रव्याची) कॅप्सूल घेणं म्हणजे सेरोटोनिन दोन्ही बाजूंनी वाढवणं. अंगाला कंप, घाम, ताप, स्नायू आखडणं, गोंधळलेपण अशी सेरोटोनिनची विषबाधा त्यातून होऊ शकते. खाण्यातल्या ट्रिप्टोफॅनने असं होत नाही, तेव्हा बिया आणि केळी बिनधास्त खा.

मेलाटोनिन १९५८ मध्ये येल विद्यापीठात ॲरन लर्नर यांनी गुरांच्या पिनिअल ग्रंथींमधून वेगळं केलं, आणि खाद्य वनस्पतींत ते असल्याचे अहवाल १९९५ मध्ये आले. तेव्हापासून चेरी, अक्रोड, पिस्ते, टोमॅटो, ओट यांच्या याद्या फिरताहेत. यात सर्वात प्रसिद्ध माँटमोरेन्सी जातीची आंबट चेरी, तिच्यात ग्रॅममागे सुमारे १३ नॅनोग्रॅम मेलाटोनिन मोजलं गेलं. अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी ही मेलाटोनिनच्या गोळ्यांमध्ये लहानच. तेवढं चेरीतून हवं असेल तर साधारण ३८ किलो चेरी खावी लागेल! पिस्त्यांबद्दल तर वेगवेगळ्या प्रयोगशाळांचे आकडे एकमेकांच्या जवळपासही जात नाहीत, त्यामुळे 'पिस्ता म्हणजे मेलाटोनिनचा खजिना' असं वाचलं तर पुढे जा.

तरीही आंबट चेरीचा रस मी उडवून लावत नाही. २०१० मध्ये निद्रानाश असलेल्या १५ वृद्धांवर आणि २०१२ मध्ये २० निरोगी लोकांवर झालेल्या प्रयोगांत झोपेत थोडी सुधारणा दिसली. रसातल्या मेलाटोनिनचं प्रमाण पाहता श्रेय एकट्या त्याला देणं अवघड आहे; चेरीतली प्रोसायनिडिन ही द्रव्यं ट्रिप्टोफॅन मोडणाऱ्या विकराला आवर घालतात, असं एक स्पष्टीकरण मांडलं गेलंय. किवीचंही तसंच. तैपेईच्या वैद्यकीय विद्यापीठात २४ जणांनी चार आठवडे झोपण्याआधी तासभर दोन किवी खाल्ल्या आणि झोप लवकर लागली, जास्त वेळ टिकली. पण तुलनेला दुसरा गट नव्हता. दररोज ठरल्या वेळी एक ठरलेली गोष्ट करून झोपायला जाणं, यानेच किती फरक पडला हे सांगणार कोण? किवी आवडत असेल तर खा, नुकसान काही नाही. चेरीच्या रसात साखर किती आहे ते मात्र पाहा.

मेलाटोनिनच्या गोळीकडे वळण्याआधी एक आकडा लक्षात ठेवा. २०१७ मध्ये कॅनडात ३१ उत्पादनं तपासली, तेव्हा प्रत्यक्ष मेलाटोनिन लेबलवरच्या आकड्यापेक्षा ८३ टक्के कमी ते ४७८ टक्के जास्त इतकं हललेलं सापडलं, आणि ८ उत्पादनांत चक्क सेरोटोनिन निघालं.

आता ज्या विषयावर मी सर्वात जास्त बोलते तो: चहा. चहाच्या झाडात थिॲनिन नावाचं अमिनो आम्ल असतं. १९४९ मध्ये जपानमध्ये ग्योकुरो या ग्रीन टीच्या प्रकारात ते सापडलं. ते मुळांत बनतं, पानांत चढतं, आणि पानावर ऊन पडलं की त्याचं कॅटेचिन या तुरट द्रव्यांमध्ये रूपांतर होऊ लागतं. म्हणून ग्योकुरोची झुडपं खुडणीआधी काही आठवडे सावलीत झाकतात. थिॲनिन टिकतं आणि चहाला गोडसर, मुरलेली चव येते. थिॲनिन ब्लड-ब्रेन बॅरियर ओलांडतं, आणि शांत पण जागं असताना दिसणाऱ्या अल्फा लहरी त्याने वाढतात असं मेंदूच्या आलेखांत आढळलंय. म्हणजे माझ्या तीन प्रश्नांपैकी दोन ते पार करतं. अडतं ते पहिल्यावर. प्रयोगांत बहुधा २०० मिलिग्रॅम दिलेलं असतं, एका कपात असतं फार तर २५ मिलिग्रॅम. आणि त्याच कपात ३० ते ५० मिलिग्रॅम कॅफीन.

कॅफीनही वनस्पतीतलंच, नैसर्गिकच, आणि मेंदूवर परिणाम करणाऱ्या वनस्पतिज द्रव्यांत सर्वात भरवशाचं! दिवसभर मेंदूत ॲडिनोसिन साठत जातं आणि त्यातून झोपेची ओढ तयार होते. कॅफीन त्याच ॲडिनोसिनच्या जागा अडवून बसतं. निरोगी माणसात ते निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी पाचला १०० मिलिग्रॅम घेतलं तर रात्री दहाला ५० आणि पहाटे तीनला २५ शिल्लक. गर्भनिरोधक गोळ्यांनी हा काळ जवळपास दुप्पट होतो, गरोदरपणाच्या अखेरीस त्याहून लांबतो, धूम्रपान करणाऱ्यांत कमी होतो. २०१३ च्या एका प्रयोगात झोपण्याच्या सहा तास आधी घेतलेल्या ४०० मिलिग्रॅम कॅफीनने झोपेतला तासाहून अधिक वेळ खाल्ला.

झोप येत नाही म्हणून येणाऱ्यांना मी आठवडाभर खाल्लं-प्यायलं सगळं वेळेसकट लिहून आणायला सांगते. त्या कागदांवर एकच चित्र पुन्हा पुन्हा दिसतं: सकाळची कॉफी सोडलेली असते आणि त्याचा अभिमानही असतो, पण रात्री नऊला 'थिॲनिनसाठी' ग्रीन टी, जेवणानंतर 'मूडसाठी' चाळीसेक ग्रॅम डार्क चॉकलेट, म्हणजे आणखी ३० मिलिग्रॅमच्या आसपास कॅफीन आणि वर थिओब्रोमिन हे त्याच जातीचं उत्तेजक, आणि डोकं दुखलं म्हणून कॅफीन असलेलीच गोळी. झोप यावी म्हणून घेतलेल्या गोष्टीच झोप उडवत असतात. चॉकलेटमधलं फेनिलइथाइलअमिन, जे प्रेमात पडल्यावर वाढतं म्हणून प्रसिद्ध आहे, ते मोनोअमिन ऑक्सिडेज हे विकर वाटेतच मोडून टाकतं. कॅफीन मात्र शाबूत पोहोचतं.

कॅमोमाइलमधल्या एपिजेनिनबद्दल तुम्ही विचारलंय. बेन्झोडायझेपिन गटातल्या (चिंता आणि झोपेवरच्या) गोळ्या मेंदूत ज्या जागी बसतात तिथेच ते बसतं, हे १९९५ मध्ये दिसलं. ओढ मात्र फार कमकुवत. २०११ मध्ये जुनाट निद्रानाशाच्या ३४ रुग्णांना २८ दिवस अर्क दिला, झोपेत ठोस फरक पडला नाही. चिंतेच्या आजारात दिवसाला १५०० मिलिग्रॅम अर्काने लक्षणं थोडी उतरल्याचं पेनसिल्व्हेनियातल्या प्रयोगांत दिसलं. कॅमोमाइलच्या चहात कॅफीन नसतं, कप गरम असतो, पिताना दहा मिनिटं शांत जातात. एवढ्यासाठी प्यायला हरकत नाही. शेवंती कुळातल्या फुलांची ॲलर्जी असणाऱ्यांनी आणि वॉरफरिन हे रक्त पातळ करणारं औषध घेणाऱ्यांनी टाळावा. झोपेसाठी विकल्या जाणाऱ्या व्हॅलेरियन या वनस्पतीच्या मुळावरचे निष्कर्ष इतके उलटसुलट आहेत की अमेरिकन ॲकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०१७ मध्ये जुनाट निद्रानाशासाठी ते वापरू नये असंच सुचवलं; ट्रिप्टोफॅन आणि मेलाटोनिनलाही त्याच यादीत बसवलं. लेट्यूसचं पाणी वगैरे सोडून द्या.

जायफळाबद्दल मात्र थांबून बोलायला हवं, कारण इथे 'थोडं चाललं तर जास्त घेतल्यावर अधिक गुण येईल' हा विचार थेट इस्पितळात नेतो. चिमूटभर जायफळ स्वाद म्हणून निरुपद्रवी. पाच ग्रॅमच्या पुढे, म्हणजे साधारण एक अख्खं जायफळ पोटात गेलं, की त्यातली मिरिस्टिसिन आणि एलिमिसिन ही द्रव्यं आपलं रूप दाखवतात: छातीत धडधड, तोंडाला कोरड, मळमळ, भीती, भास. १८२९ मध्ये पुर्किन्ये या चेक शरीरशास्त्रज्ञाने तीन जायफळं खाऊन हा अनुभव स्वतःवर घेतला होता. खरी गोम अशी की परिणाम सुरू व्हायला काही तास जातात. तासाभरात झोप आली नाही म्हणून माणूस आणखी घेतो, आणि दोन्ही डोस एकदम अंगावर येतात.

मनःस्थितीसाठी खाद्य वनस्पतींतला सर्वात दमदार उमेदवार कोण म्हणाल तर केशर. दिवसाला ३० मिलिग्रॅम अर्क सहा ते आठ आठवडे देऊन सौम्य ते मध्यम नैराश्यावर अनेक प्रयोग झालेत, बरेचसे तेहरानमध्ये. प्लसिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या नकली गोळीपेक्षा, केशर सरस ठरलं, फ्लुऑक्सेटिन या नैराश्यावरच्या औषधाच्या बरोबरीचं दिसलं. माझी शंका अशी की गट लहान, कालावधी तोकडा, आणि बरेचसे निकाल एकाच प्रदेशातले. शिवाय अर्क वेगळा आणि दुधात घातलेल्या काड्या वेगळ्या. एक ग्रॅम केशराला दीडशेएक फुलं लागतात, त्यामुळे रंगवलेले मक्याचे केस आणि करडईच्या पाकळ्या त्यात मिसळण्याचा मोह मोठा असतो. स्वयंपाकात घालून खा. अर्काची कॅप्सूल तुमच्या गोळीबरोबर डॉक्टरांना न विचारता नको, आणि गरोदरपणात मोठ्या मात्रेत तर अजिबात नको.

एक वनस्पती तुमच्या यादीत नाही, पण मूडसाठीच्या चहांच्या पाकिटांत ती लपलेली असते: सेंट जॉन्स वर्ट. नैराश्यावर तिच्याइतका भक्कम पुरावा दुसऱ्या कुठल्या वनस्पतीकडे नाही. उपलब्ध चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २००८ च्या आढाव्यात २९ चाचण्या आणि ५४८९ रुग्ण होते; अर्क प्लसिबोपेक्षा चांगला आणि नेहमीच्या औषधांच्या तोडीचा ठरला. आणि तिच्याइतकी उपद्रवीही दुसरी नाही. तिच्यातलं हायपरफोरिन यकृतातली औषध मोडणारी विकरं वाढवतं, त्यामुळे गर्भनिरोधक गोळ्या निकामी होतात, वॉरफरिनचा असर उतरतो, प्रत्यारोपण झालेल्यांना नवा अवयव टिकावा म्हणून दिलेलं सायक्लोस्पोरिन रक्तात टिकत नाही. एस्सिटॅलोप्रॅमबरोबर ती घेऊच नये. बंद केल्यावरही विकरं पूर्ववत व्हायला दोनेक आठवडे जातात. ग्रेपफ्रूट याच्या नेमकं उलट वागतं: आतड्यातली तीच यंत्रणा बंद पाडतं आणि ट्रायझोलॅमसारख्या काही झोपेच्या गोळ्यांची रक्तातली पातळी चढवतं.

तर तुम्ही करावं काय? दुपारी बारानंतर कॅफीन पूर्ण बंद, त्यात ग्रीन टी आणि डार्क चॉकलेटही आलं, आणि हे निदान दोन आठवडे. सुटे रेणू गोळा करण्यापेक्षा एकूण ताट बदला: भाज्या, डाळी, फळं, अख्खी धान्यं, सुकामेवा. ऑस्ट्रेलियात झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्माइल्स या चाचणीत नैराश्याच्या ६७ रुग्णांपैकी निम्म्यांना अशा आहाराचं मार्गदर्शन दिलं, बाकीच्यांना गप्पागोष्टींची सोबत. १२ आठवड्यांनी आहार गटातले ३२ टक्के आजारातून बाहेर आले होते, दुसऱ्या गटातले ८ टक्के. बहुतेकांचे चालू उपचार तसेच सुरू होते, हे तुमच्यासाठी महत्त्वाचं. जुनाट निद्रानाशासाठी पहिला उपचार म्हणून सीबीटी-आय ही वर्तनोपचाराची पद्धत सुचवतात. ती कुठे मिळेल हे डॉक्टरांना विचारा. जगणं नको वाटू लागलं किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार आले तर मात्र पुढच्या तारखेची वाट पाहू नका, त्याच दिवशी त्यांना गाठा.

आणि एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही: एस्सिटॅलोप्रॅम दिवसात कधी घेता? या गोळीनेच काही जणांची झोप उडते. रात्री घेत असाल तर ती सकाळी घेऊन चालेल का, एवढं आधी डॉक्टरांना विचारून घ्या. जाताना घरातल्या सगळ्या कॅप्सूल, चूर्णं आणि चहाची पाकिटंही सोबत न्या, मागच्या बारीक अक्षरांतल्या यादीसकट.